पाळी सुटल्यानंतरची बिनतारी

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर देहूरोड मागे पडले, की घोरवडेश्वराच्या डोंगराच्या आसमंतात बेगडेवाडीचे लहानसे स्थानक लागते, आणि त्याच परिसरात, पवनेच्या खोऱ्यात, परंदवडी हे गाव वसलेले आहे. या गावाने बिनतारीच्या इतिहासात एखादे स्वतंत्र प्रकरण लिहिले, असा दावा करण्याचा माझा हेतू नाही. तरीही हौशी बिनतारीचा पूर्वेतिहास सांगण्यासाठी मी हेच ठिकाण निवडतो. त्याचे कारण असे, की येथील माणूस भाताच्या खाचरातून उठून पिढ्यानुपिढ्या नोकरीसाठी लोहमार्गाच्या दोन्ही दिशांना जात आला आहे. एका बाजूस देहूरोडचे लष्करी डेपो, पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि खडकीची लष्करी कर्मशाळा, तर दुसऱ्या बाजूस तळेगावची औद्योगिक वसाहत आणि लोणावळ्यास १९४५ साली सुरू झालेले ‘शिवाजी’ हे नौदलाचे प्रशिक्षण केंद्र. आणि ज्या विद्येविषयी मी लिहीत आहे ती आपल्या देशात सामान्य माणसापर्यंत पोचली ती मुख्यत्वेकरून त्याच्या कामाच्या जागेतून, तेथील सहकाऱ्यांनी पाळी सुटल्यावर जमवलेल्या मंडळातून, असे माझे निश्चित मत आहे.

इतर छंद घरातून सुरू होतात. टपालाची तिकिटे जमवणाऱ्यास, पेटी वाजवणाऱ्यास किंवा गुलाबाची कलमे बांधणाऱ्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही. बिनतारीचे तसे नाही. १८८५च्या तार-कायद्याने संदेशवहनाचा अनन्य अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला आणि १९३३च्या बिनतारी कायद्याने त्याही पुढे जाऊन परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. घरातल्या साध्या रेडिओसाठीसुद्धा दरवर्षी टपालकचेरीत जाऊन परवान्याच्या पुस्तिकेवर तिकीट लावून घ्यावे लागे, हे आजच्या साठी-सत्तरीतील वाचकांस स्मरत असेल. मग ज्याला ऐकून समाधान नाही, ज्याला स्वतः बोलायचे आहे, स्वतःच्या हाताने बांधलेल्या प्रक्षेपकातून शेकडो कोसांवरच्या अपरिचित माणसाशी संवाद साधायचा आहे, त्याच्या अर्जाची छाननी किती कसून होत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. अर्ज दिल्लीस जाई, तेथून चौकशीसाठी पोलिसांकडे उतरे, अर्जदाराचे चालचलन, राहण्याचा पत्ता, यंत्र ठेवण्याची जागा या साऱ्याची नोंद होई, आणि परीक्षा उत्तीर्ण होऊनही परवान्याचा कागद हाती पडेपर्यंत माणसाच्या धीराचा अंत पाहिला जाई. खेड्यातल्या एकट्यादुकट्या तरुणाने हे दिव्य करावे, ही अपेक्षाच व्यर्थ होती. त्याला पाठीशी उभी राहणारी एखादी संस्था हवी होती.

आरंभीच्या काळात ही संस्था शहरातील सुस्थितीत असलेल्या गृहस्थांची होती. कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ साली परवाना मिळाला आणि हिंदुस्थानातील हौशी बिनतारीचा श्रीगणेशा झाला. १९२३ साली मुंबईच्या रेडिओ क्लबाने ध्वनिक्षेपणाचे पहिले प्रयोग केले; पुढच्याच वर्षी मद्रासेतही तसेच मंडळ निघाले. सरकारी नभोवाणी अस्तित्वात येण्यापूर्वी या देशात जे काही गाणे-बोलणे आकाशातून गेले ते या हौशी मंडळांच्या खर्चाने गेले, ही गोष्ट नभोवाणीचा इतिहास लिहिताना पुष्कळदा एका ओळीत उरकली जाते आणि त्याचा मला खेद वाटतो.

याच दशकात आपल्या या पट्ट्यात एक मोठी घटना घडली. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधील ‘बीम’ बिनतारी सेवा १९२७ साली सुरू झाली, आणि तिची हिंदुस्थानातील दोन्ही टोके पुणे जिल्ह्यात होती: प्रक्षेपण खडकीहून, ग्रहण दौंडला. खडकीतून निघालेला संदेश लिंकनशायरमधील विन्थॉर्प येथे उतरे आणि टेटनी येथून सुटलेला संदेश दौंडचे उंच मनोरे झेलून घेत. प्रक्षेपण व ग्रहण यांच्यामध्ये इतके अंतर ठेवण्याचे कारण उघड आहे: सामर्थ्यवान प्रक्षेपकाच्या शेजारी ठेवलेले ग्राहक यंत्र बधिर होते, त्याला सात समुद्रांपलीकडचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. समुद्राखालच्या तारांपेक्षा ही सेवा इतकी स्वस्त पडू लागली, की १९३२ साली तार-कंपनी आणि बिनतारी-कंपनी यांचे हिंदुस्थानात एकत्रीकरणच करावे लागले. १९४७ साली ही सेवा सरकारने ताब्यात घेतली, पुढे दिघीच्या विस्तीर्ण माळावर तिचे प्रक्षेपण केंद्र नांदले. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी विभागाचे मुख्यालयही पुण्यातच, पाषाणच्या वाटेवरील चव्हाणनगरात आहे. लहरींवर ज्यांची चूल पेटते अशा माणसांची वस्ती या जिल्ह्यात अशी जुनी आहे.

बीम सेवा चाले ती लघुलहरींवर, आणि या लघुलहरींचे मोल जगाला पटवून देण्यात हौशी मंडळींचा वाटा फार मोठा आहे. अमेरिकेत १९१२च्या कायद्याने हौशी प्रेषकांना दोनशे मीटर व त्याहून आखूड लहरींच्या प्रदेशात हद्दपार केले होते, कारण या लहरी दूर जात नाहीत, त्या निरुपयोगी आहेत, अशी तज्ज्ञांची समजूत होती. त्या टाकाऊ मुलखात या लोकांनी रात्री जागवल्या आणि १९२३च्या नोव्हेंबरात अटलांटिकच्या दोन तीरांवरील हौशी केंद्रांमध्ये प्रत्यक्ष संभाषण घडवून आणले. त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर नावाच्या विद्यार्थ्याने शाळेच्या केंद्रावरून न्यूझीलंडमधील ओटागो प्रांतात शेतावर राहणाऱ्या फ्रँक बेल याच्याशी संधान बांधले. पृथ्वीच्या एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बोलला. हाच गॉयडर १९३६ साली आपल्या ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता होऊन आला आणि या खंडप्राय देशाला पुरेल अशा लघुलहरी केंद्रांच्या जाळ्याची आखणी त्याच्या देखरेखीखाली झाली. शाळेतील मंडळात लागलेला छंद एका देशाच्या नभोवाणीला उपयोगी पडला, याहून अधिक बोलके उदाहरण मला देता येणार नाही.

परंतु सरकारचा संशय काही निवाला नाही. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले आणि प्रक्षेपक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम सुटले. या हुकमामागची भीती सरकारच्या दृष्टीने अगदीच अनाठायी नव्हती, हे १९४२ साली मुंबईने दाखवून दिले. ‘चले जाव’च्या हाकेनंतर नेते तुरुंगात, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप, अशा वेळी उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला, आणि त्याचे यंत्र उभे करण्यासाठी त्यांना साहाय्य घ्यावे लागले ते नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या हौशी बिनतारीत तरबेज झालेल्या तंत्रज्ञाचे. ४२.३४ मीटरवर, म्हणजे हौशी मंडळींच्या चाळीस मीटर पट्ट्यातच, तो आवाज रात्री निघे. पोलिसांना चकवण्यासाठी बिऱ्हाडामागून बिऱ्हाड बदलत तो काही आठवडे टिकला आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडून सारे पकडले गेले. उषाताईंना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. परवाना देणाऱ्या खात्याने स्वातंत्र्यानंतरही जी कडक छाननी चालू ठेवली तिची मुळे मला या दोन प्रसंगांत दिसतात. राज्यकर्ते बदलले, पण दप्तरातील भीती तशीच वारसाहक्काने नव्या कारभाऱ्यांकडे आली.

अशा स्थितीत स्वतंत्र भारतातील पहिली देशव्यापी हौशी बिनतारी संघटना कोठे जन्मास यावी? ती आली एका कामाच्या जागी. १५ मे १९४८ रोजी महू येथील लष्कराच्या सिग्नल विद्यालयात ‘अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया’ स्थापन झाला. होळकरांच्या माळव्यातील ही छावणी मराठी वाचकाला परिचित आहे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून. तिचा हा दुसरा मान फारसा कोणाला ठाऊक नाही. त्या वेळी सबंध देशात परवानाधारक होते सुमारे पन्नास, आणि त्यांतले प्रत्यक्ष बोलणारे जेमतेम डझनभर. ज्यांना सकाळी कवायतीनंतर मोर्स शिकवायचे, प्रक्षेपकांची दुरुस्ती करायची, त्यांनीच संध्याकाळी तीच विद्या निखळ आनंदासाठी हाताळावी, हा त्या मंडळाचा जन्महेतू. १९५४ साली हे मंडळ दिल्लीस गेले व ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ या नावाने आजतागायत नांदत आहे. परदेशांतही हाच क्रम दिसतो: ब्रिटनच्या बी.बी.सी.मधील नोकरवर्गाचे ‘एरियल’ मंडळ आणि अमेरिकेतील कॉलिन्स रेडिओ कारखान्यातील कामगारांचे मंडळ ही दोन्ही नावे त्या जगात आदराने घेतली जातात.

कारखान्यातील मंडळ माणसाला काय देते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पहिली देणगी मोर्सची. जुन्या नियमांप्रमाणे दुसऱ्या श्रेणीस मिनिटाला पाच शब्द आणि पहिल्या श्रेणीस बारा शब्द घेता व पाठवता येणे आवश्यक होते. शब्द म्हणजे पाच अक्षरे, तेव्हा बारा शब्द म्हणजे मिनिटाला साठ अक्षरे. ही विद्या पुस्तकातून येत नाही. ठिपका आणि रेघ कागदावर पाहून शिकणारा उमेदवार पाच शब्दांच्या पुढे सहसा सरकत नाही, कारण तो प्रत्येक अक्षर मनात मोजत बसतो. ‘डिडा’ म्हणजे ए, ‘डाडिडिडिट’ म्हणजे बी, असे ज्याच्या कानाने नादासकट उचलले त्याचीच गती वाढते. त्यासाठी समोर बसून मोर्सची ‘की’, म्हणजे कळ, दाबणारा दुसरा माणूस लागतो. उपाहारगृहाच्या कोपऱ्यातील टेबलावर लाकडी फळीवर बसवलेली की, एक बझर, आणि जेवणाची सुटी संपायच्या आत वीस अक्षरे घेऊन दाखवणारा शिकाऊ कामगार, हे या मंडळांचे खरे स्वरूप. येथे एक गोष्ट घडते तिचे मला मोठे अप्रूप वाटते. विभागप्रमुखाचे कान जड असतात आणि आय.टी.आय. करून नुकताच लागलेला पोरगा त्याच्या दुप्पट वेगाने अक्षरे टिपतो. त्या टेबलापुरता पोरगा गुरू होतो आणि साहेब शिष्य. पुढे परवाना मिळाल्यावर आकाशात दोघांचीही ओळख ‘व्हीयू’ने सुरू होणाऱ्या कॉल साइनने, म्हणजे परवान्यावरील ओळखचिन्हाने होते, आणि त्या कॉल साइनला हुद्दा जोडलेला नसतो.

दुसरी देणगी यंत्राची. तयार परदेशी रिग, म्हणजे बिनतारी संच, आयात करण्याची ऐपत आणि अनुज्ञा दोन्ही दुर्मीळ होत्या त्या काळात महायुद्धातून उरलेला लष्करी डिस्पोजलचा माल हाच आधार होता. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फिरून कोणी ग्राहक यंत्राचा सांगाडा आणी, कोणी ८०७ क्रमांकाचा व्हॉल्व्ह, कोणी तांब्याची तार. आणि मग कारखान्यातला वाइंडर कॉइल गुंडाळून देई, शीटमेटलचा कारागीर चासी वाकवून भोके पाडून देई, टूलरूमवाला व्हेरिएबल कंडेन्सरसाठी जोडआस कातून देई. एकट्याच्या घरी हे सारे हुन्नर एका छपराखाली सापडणे अशक्य. अशा यंत्राला ही मंडळी ‘होमब्रू’ म्हणतात, आणि स्वतः बांधलेल्या होमब्रूवर झालेला पहिला क्यूएसओ, म्हणजे पहिले संभाषण, त्यांना जन्मभर आठवतो.

तिसरी देणगी उंचीची. चाळीस मीटर पट्ट्यासाठी लागणारा अर्धलहरी डायपोल सुमारे सहासष्ट फूट लांब असतो, मध्यावर फीडर आणि दोन्ही बाजूंस तेहतीस-तेहतीस फूट तार. चाळीतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्याने तो कोठे ताणावा? कारखान्याच्या पाण्याच्या टाकीपासून गोदामाच्या कोपऱ्यापर्यंत तो सहज बसतो. मावळच्या भूगोलात या पट्ट्याचे विशेष महत्त्व आहे. पवनेचे आणि इंद्रायणीचे खोरे डोंगरांनी वेढलेले. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना अशी एकामागून एक शिखरे उभी. दोन मीटरच्या, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी दृष्टीच्या रेषेत जातात, त्यामुळे खोऱ्यातील माणसाच्या हातातल्या संचाचा आवाज डोंगराला थडकून तेथेच राहतो. चाळीस मीटरची, म्हणजे सात मेगाहर्ट्झची, लहर मात्र ठेंगण्या डायपोलवरून जवळजवळ सरळ वर उठते, आयनांबराच्या थरावरून परतते आणि सह्याद्रीला वळसा न घालता त्याच्या डोक्यावरून उतरून नाशिक, कोल्हापूर, हुबळीपर्यंत दिवसाढवळ्या पोचते. सूर्य मावळून खालचा शोषक थर विरला, की तीच लहर हजारो किलोमीटर पल्ला गाठते.

या मुलखाचे उपद्रवही त्याच्याच स्वभावाचे आहेत. घाटातील आणि पुण्यापर्यंतच्या लोहमार्गाचे विद्युतीकरण १९२९च्या सुमारास झाले. विजेच्या तारेवरून पेंटोग्राफ सरकताना ज्या ठिणग्या उडतात त्यांची करकर ग्राहक यंत्रात उमटते, आणि लोहमार्गालगत बसलेल्या श्रोत्याला गाडी दिसण्यापूर्वी ती हेडफोनमध्ये कळते. वळवाचे दिवस आले, की एरियल यंत्रापासून सोडवून जमिनीला जोडून ठेवावे लागते, कारण मावळचा वळीव विजांचा धाक घेऊनच येतो. आणि लोणावळ्याकडच्या पावसात आषाढ-श्रावण काढलेल्या तांब्याच्या सांध्यांवर जी हिरवी पुटे चढतात ती खरवडून पुन्हा डाख दिल्यावाचून दसऱ्यानंतरचा स्वच्छ हंगाम कामी येत नाही.

नियमांची चौकट १९५८ साली आणि पुन्हा १९७८ साली नव्याने आखली गेली. याच १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि बेगडेवाडीच्या माणसाला पिंपरी-खडकीची पाळी करून रात्री घरी परतणे सुकर झाले. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध काही नाही, परंतु पाळी आणि छंद यांचा मेळ ज्या वेळापत्रकावर बसतो ते वेळापत्रक या लोकलने घडवले, एवढे नमूद करावेसे वाटते. नियमांनी व्यापार, जाहिरात, राजकारण यांना आकाशातून मज्जाव केला, लॉगबुकात प्रत्येक संभाषणाची तारीख, वेळ, वारंवारता आणि समोरच्याची कॉल साइन लिहिणे सक्तीचे केले, आणि त्याचबरोबर मंडळे, शाळा, महाविद्यालये यांना संस्था म्हणून परवाना मिळण्याची वाटही मोकळी ठेवली. या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व मला सर्वाधिक वाटते.

तिचे फळ पाहावयाचे असेल तर बंगळूरला जावे. तेथील इस्रोच्या उपग्रह केंद्रात काम करणाऱ्यांचे ‘उपग्रह अमॅच्युअर रेडिओ क्लब’ हे मंडळ आहे. उपग्रह बांधणारी माणसे फावल्या वेळात हौशी बिनतारी करीत होती, त्यातूनच हौशी प्रेषकांसाठी स्वतंत्र उपग्रह असावा हा विचार बळावला, आणि ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१च्या सोबतीने ४२.५ किलोग्रॅम वजनाचा ‘हॅमसॅट’ अवकाशात गेला. त्यात दोन ट्रान्सपाँडर होते, एक भारतीय बनावटीचा आणि दुसरा एका डच विद्यार्थ्याने घडवलेला; कोणत्याही देशातल्या कोणत्याही परवानाधारकाने त्यांचा विनामूल्य उपयोग करावा, अशी मोकळीक होती. ११ जुलै २०१४पर्यंत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ, तो पृथ्वीवरच्या अनोळखी माणसांची गाठ घालून देत राहिला. आपल्या पुण्यानेही या वाटेवर पाऊल टाकले: शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, किलोभर वजनाचाही नसलेला ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी कक्षेत गेला, आणि हौशी लहरींवरून आलेला निरोप साठवून दुसऱ्या ठिकाणी पोचवणे हे त्याचे नियोजित कार्य होते.

संकटकाळातील सेवेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे ते थोडक्यात सांगतो. १९९९चे ओरिसातील महावादळ, २००१चा भूजचा भूकंप, २००४ची त्सुनामी या प्रत्येक वेळी दूरध्वनी मुके झाल्यावर हौशी प्रेषकांनी निरोपांची ने-आण केली. त्सुनामीच्या वेळी तर दिल्लीच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. हौशी बिनतारीला वर्षानुवर्षे बंद असलेल्या अंदमानातून प्रक्षेपणाची अनुज्ञा मिळवून त्या तेथे गेल्या होत्या, आणि २६ डिसेंबरच्या सकाळी त्यांचे केंद्र बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामधला दुवा बनले.

आज तळेगाव-उर्से पट्ट्यात कारखान्यांची दाटी झाली आहे, परंदवडीभोवती नवी वसाहत उभी राहत आहे, आणि प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी असल्यामुळे दूरच्या माणसाशी बोलणे ही नवलाची बाब उरलेली नाही. परंतु हौशी बिनतारीचे आकर्षण केवळ बोलण्यात कधीच नव्हते. आपण गुंडाळलेल्या कॉइलमधून, आपण मोजून कापलेल्या तारेवरून, मध्ये कोणत्याही कंपनीचा मनोरा नसताना आवाज जातो, तो कसा आणि का जातो हे आपल्याला कळते, आणि ज्या दिवशी जात नाही त्या दिवशी सूर्यावरचे डाग, पावसाचे ढग आणि आपला कच्चा डाख यांपैकी दोष कोणाचा हे शोधून काढता येते; ज्ञान आणि हस्तकौशल्य यांचा असा संगम ज्या कामगाराला एकदा लाभला तो आपल्या यंत्रावरही अधिक डोळसपणे काम करतो, असे मला मनापासून वाटते.

वाट पूर्वीपेक्षा सुगम झालेली आहे. मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ साली उठली आणि आपल्याकडेही आरंभीच्या श्रेणीस आता ती अट नाही. बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षेस बसता येते. संस्थेच्या परवान्यासाठी मात्र वरच्या श्रेणीचा एक तरी परवानाधारक केंद्राची जबाबदारी घेण्यास लागतो. एखाद्या कारखान्याने आपल्या हजेरीपटावर असा एक माणूस शोधून काढला, पाण्याच्या टाकीजवळची एक खोली त्याला दिली आणि व्यवस्थापनाच्या सहीचे पत्र अर्जाला जोडले, तर दिल्लीस कागद रवाना करण्यासाठी आणखी कशाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.